आवळीभोजनाला जाताय? काठी घेऊन जा!

दिवाळी सरली की कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची आपली जुनी रीत. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांना घेऊन रानात जा. पिठलं-भाकरी झाडाखाली लागते तशी घरात लागत नाही.

फक्त एक ध्यानात ठेवा. या दिवसांत पिकं निघतात, उंदीर बांधाकडं पळतात अन् त्यांच्यामागं साप येतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं. आपल्याकडं बहुतेक जीवघेणे दंश या चौघांचेच. म्हणून बसण्याआधी काठीनं गवत आपटून घ्या. पोरांना अनवाणी सोडू नका. दगडाखाली, सोयाबीनच्या गंजीत हात घालू देऊ नका. अंधार पडला तर बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका.

तरीही दंश झालाच, तर मांत्रिकाच्या नादी लागून वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. माणसाला चालायला न लावता, दंशाचा हात-पाय न हलवता, थेट सरकारी दवाखाना गाठा. साप मारून न्यायची गरज नाही. या चारही विषांवर लस एकच असते. ती जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळते, एवढं मात्र निघण्याआधीच विचारून ठेवा.