अपूर्णांक : आधी हात, मग तोंड, मग पाटी



पाचवीच्या वर्गात फळ्यावर एक बेरीज लिहा : १/२ + १/३. पुष्कळ मुले मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर देतील, २/५. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात मिळवले, झाले! अशा मुलांना 'ढ' म्हणून आपण मोकळे होतो. पण जरा थांबा. बेरीज म्हणजे मिळवणे, हे जे आपणच शिकवले, ते त्यांनी प्रामाणिकपणे केले आहे. १/२ ही एक संख्या आहे हे मात्र त्यांना उमगलेले नाही. त्यांना तेथे दिसतात रेघेच्या वर-खाली बसलेले दोन वेगळे आकडे.

त्याच मुलांना विचारा, "अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून जास्त होईल की कमी?" सारा वर्ग ओरडेल, "जास्त!" मग २/५ कसे चालेल? ते तर अर्ध्याहूनही कमी! भाकरीचे शहाणपण मुलाजवळ आहे. ते पाटीपर्यंत पोचलेले नाही. ते पोचवायचे कसे, एवढाच आजचा विषय.

हा प्रश्न केवळ मार्कांचा नव्हे. प्रमाण, शेकडेवारी, व्याज, पुढे बीजगणित, या साऱ्या खोल्यांत जायचे ते याच उंबऱ्यावरून. येथे ठेच लागलेले मूल पुष्कळदा गणिताचीच वाट सोडते. आणि खेड्यात तर अपूर्णांक दारात उभा असतो. भावाभावांचे जमिनीतले वाटे घ्या, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा घ्या. गावच्या पिकाची पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी, हाही अपूर्णांकच. ठरलेले प्रमाण उत्पन्न म्हणजे रुपया, तर यंदाचे पीक किती पैसे? पन्नासाच्या आत आकडा आला की वर्ष वाईट. ज्याला हे कळत नाही, त्याला दुसरा सांगेल त्यावर मान डोलवावी लागते. (सातबारा हा मात्र अपूर्णांक नव्हे बरे का! ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन कागद आहेत. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आपल्या वाडवडिलांनी या बाबतीत मोठी पुंजी ठेवली आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे पूर्वी शाळेत घोकून घेत. घोकंपट्टी गेली, तिच्याबरोबर शब्दही चालले, याचे वाईट वाटते. कारण हे शब्द फार बोलके आहेत. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव उणे. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा. अडीच हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यावरून आला. म्हणजे दोन पुरे झाले आणि तिसरा अर्ध्यावर आहे. औट म्हणजे साडेतीन, तेथे चौथा अर्ध्यावर. अपूर्णांक पूर्णांकांच्या मधे कोठे उभा आहे, हे आपली भाषाच बोट ठेवून दाखवते.

बाजारही पूर्वी शिकवीत असे. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. दर वेळी निम्मे करीत जा, सोळाव्या भागापर्यंत पोचाल. रुपयाचे आणेही सोळाच. आण्याच्या पै बारा, म्हणून रुपयाच्या पै १९२; तेव्हा रुपयाचा तिसरा हिस्सा बरोबर पाच आणे चार पै येई. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. हिशेब सोपे झाले, ते चांगलेच झाले. पण शंभराचे तीन सारखे वाटे होत नाहीत. आज आमच्या बिबवेवाडीत, मार्केट यार्डच्या शेजारी, गिऱ्हाईक तोंडाने 'पावशेर मिरची' मागते आणि वजनकाट्यावर ०.२५० असा आकडा उमटतो. मूल ऐकते एक, पाहते दुसरे. दोहोंची गाठ घालून देणे आता शाळेचेच काम आहे.

त्यासाठी महागडी साधने नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा आसपास सापडणाऱ्या बिनखर्ची वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. आपल्याला तर दोनच वस्तू पुरतात.

पहिली कागदाची भाकरी. जुन्या वर्तमानपत्राचे गोल कापा. घडी घालून अर्धी, पुन्हा घडी घालून चतकोर. आणखी एक घडी घातली की पावाचा अर्धा, म्हणजे आठवा भाग. गुणाकार येथेच होऊन गेला! आता तीन भाकरी चार मुलांत वाटायला सांगा. मुले प्रत्येक भाकरीचे चार चतकोर करतील. प्रत्येकाला तीन चतकोर, म्हणजे पाऊण भाकरी. तीन भागिले चार म्हणजेच ३/४, हे मुलांनी हाताने केले. मग विचारा, "याच तीन भाकरी पाच जणांत वाटल्या तर?" वाटा लहान झाला. खालचा आकडा वाढला की तुकडा का घटतो, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

गोल कागदाचे तीन सारखे भाग मात्र सहज होत नाहीत. तेथे दुसरी वस्तू घ्या : सुतळी. एकाच मापाने, समजा आपल्या वितीने, तिच्यावर बारा सारखे भाग पाडून गाठी मारा. सबंध सुतळी म्हणजे एक. अर्धा सहाव्या गाठीवर, तिसरा हिस्सा चौथीवर, पाव तिसरीवर. आता ती फळ्यावरची बेरीज करा. सहा भाग आणि चार भाग, मिळून बारांपैकी दहा. म्हणजेच सहांपैकी पाच, ५/६. छेद सारखे का करायचे, ते गाठींनी सांगितले. अशा दोन सुतळ्या जोडून जमिनीवर पसरा आणि एका मुलीला सांगा, "पावणेदोनवर उभी राहा." ती दोनाच्या टोकापासून तीन गाठी मागे येईल. भाषा आणि गणित असे एका जागी भेटतात.

हे करताना एक प्रश्न सतत विचारा : "पूर्ण कोणते?" लहान भाकरीची अर्धी आणि मोठ्या भाकरीची चतकोर यांत मोठी कोणती, हे पूर्ण भाकरी पाहिल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक गमतीचे उदाहरण आहे. एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पाचव्या हिश्शाच्या सोळाव्या हिश्शाचा पाव भाग दिला. किती कवड्या? हिशेब करीत जा : १/२ चे २/३ म्हणजे १/३, त्याचे ३/४ म्हणजे १/४, मग १/२०, मग १/३२०, शेवटी १/१२८०. आणि द्रम्माच्या कवड्या १२८०. दिली ती एक कवडी! आचार्यांनीही पूर्ण कोणते ते धरूनच प्रश्न घातला.

एक सावधगिरी सांगतो. कागद गुरुजींनीच दुमडायचा आणि मुलांनी पाहत बसायचे, याने काही साधत नाही. तसेच मुले नुसती दुमडत बसली आणि बोललीच नाहीत, तर तो खेळच राहतो. आधी हाताने करू द्या, मग काय केले ते 'पाव', 'पाऊण', 'सव्वा' अशा आपल्या शब्दांत सांगू द्या, आणि मग पाटीवर ३/४ लिहा. हा क्रम उलटला की वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात सुरू झालेच म्हणून समजा.

तेव्हा उद्या शाळेत जाताना पिशवीत थोडी सुतळी आणि एक जुने वर्तमानपत्र टाका. घरी ऐकणाऱ्या मायबहिणींनाही विनंती आहे : भाकरी मोडताना मुलाला एवढेच विचारा, "तुला अर्धी हवी की तीन चतकोर?" तो जे काही मागेल, ते का मागितले हेही त्याला सांगू द्या.