वाडीचा नकाशा गावातल्याच संगणकावर! सॉफ्टवेअर मोफत, माहिती मात्र गावालाच भरावी लागणार

रत्नागिरी : १०८ ला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, पत्ता सांगा. आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडी. पण मोबाईलच्या नकाशावर महसुली गाव दिसतं आणि वाडी बऱ्याचदा दिसतच नाही. वरच्या वाडीत चढणारी पाखाडी आणि पऱ्यावरचा साकव तर शोधूनही सापडत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. २०२१ च्या जुलैमध्ये खेड तालुक्यात पोसरेच्या बौद्धवाडीवर दरड आली. या वाड्यांची नावं राज्याला कळली, पण दुर्घटना झाल्यावर. ती आधीपासून नकाशावर असावीत, यासाठी गावपातळीवर काय करता येतं ते पाहू.

फुकटचा नकाशा येतो कुठून?

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरलेला जगाचा नकाशा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्यातली माहिती कोणीही घेऊ शकतो, वापरू शकतो. फक्त ती ओपनस्ट्रीटमॅपची आहे असा उल्लेख करावा लागतो. २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाची चित्रं पाहून तिथले रस्ते नकाशावर काढले आणि मदत पथकांनी तोच नकाशा वापरला.

पण उपग्रहाच्या चित्रात छप्पर दिसतं, वाडीचं नाव दिसत नाही. पावसात कुठला साकव पाण्याखाली जातो, मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी असतं, हे गावातल्याच माणसाला ठाऊक. म्हणून पहिलं काम मोबाईलवर करायचं. विहीर, शाळा, देऊळ, रेशन दुकान अशी ठिकाणं भरायला एव्हरी डोअर हे अॅप सोपं आहे. पाखाडी किंवा रस्ता काढायचा तर व्हेस्पुची अॅप, नाहीतर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही काढता येतो. दोन-चार कॉलेजची पोरं आणि वाटा माहीत असलेलं एखादं जुनं माणूस सोबत असलं की काम पुढे सरकतं.

मग सर्व्हर कशाला?

मोबाईलवर नकाशा सरकवला की त्याचे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, दूरच्या संगणकावरून येतात. तो संगणक म्हणजे सर्व्हर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा वीज गेली, मोबाईलची रेंजही गेली. अशा वेळी दूरचा सर्व्हर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. ग्रामपंचायतीतल्या संगणकावर नकाशा असेल आणि इन्व्हर्टरवर राऊटर चालू असेल, तर त्या वायफायला जोडलेल्या मोबाईलवर इंटरनेटशिवाय नकाशा उघडतो. दुसरं असं की, ओपनस्ट्रीटमॅपचे स्वतःचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. त्यांच्यावरून ढिगाने टाइल्स उतरवायला मनाई आहे.

काय लागतं?

एका जिल्ह्यापुरतं काम असेल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा संगणक पुरतो. त्यावर उबुंटू टाकायचं. पुढचा क्रम असा :

१) जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची फाईल उतरवायची. ऑस्मियम नावाच्या साधनाने त्यातून फक्त आपला जिल्हा कापून घ्यायचा.

२) पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस हे माहितीचं कोठार उभं करायचं.

३) ओएसएम-टू-पीजीएसक्यूएलने ती फाईल कोठारात चढवायची.

४) मॅपनिक माहितीचं चित्र काढतो, रेंडरडी आणि अपाचे ते मोबाईलपर्यंत पोचवतात.

ही सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत. गावाचे स्वतःचे थर दाखवायचे असतील, उदाहरणार्थ नळपाणी योजनेची पाईपलाईन, तर जिओसर्व्हर आणि क्यूजीआयएस कामाला येतात. क्यूजीआयएसचे मोफत धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आहेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. नंतर भरलेली माहिती या सर्व्हरवर आपोआप येत नाही. ताजी फाईल घेऊन पुन्हा चढवावी लागते. निदान पावसाळ्याआधी, मे महिन्यात एकदा तरी.

अडलं तर कोणाला विचारायचं?

अडणार, हे नक्की. पहिल्यांदा करताना हमखास दोन ठिकाणी गाडी अडते. फाईल चढवताना मेमरी संपते आणि काम मधेच बंद पडतं. तेव्हा फाईल आणखी लहान कापायची. दुसरं, मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. याचा अर्थ संगणकात देवनागरी फॉन्ट नाही. नोटो देवनागरी टाकून टाइल्स पुन्हा बनवल्या की नावं दिसू लागतात.

बाकी अडचणींसाठी भारतातले ओपनस्ट्रीटमॅपचे स्वयंसेवक आहेत. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजात आणि तंत्रनिकेतनातही विचारून बघता येतं. मात्र ‘चालत नाही, मदत करा’ एवढंच लिहिलं तर कोणी काही सांगू शकत नाही. उबुंटू कितवं, रॅम किती, कुठली आज्ञा दिली आणि पडद्यावर नेमकं काय आलं, ते जसंच्या तसं लिहा. डॉक्टरला दुखणं सांगतो तसंच हे. पासवर्ड मात्र पाठवू नका. ही माणसं पगारी नाहीत, दोन दिवस उत्तर आलं नाही तर धीर धरा. सुटलं की कसं सुटलं तेही कळवा, पुढच्याला उपयोग होतो.

हे विसरू नका

गुगलच्या नकाशावरून नावं किंवा रस्ते उतरवून घेऊ नका, त्याची परवानगी नाही. घरमालकाचं नाव, फोन नंबर नकाशावर टाकू नका. आणि हा नकाशा बांधाच्या भांडणात पुरावा ठरत नाही. त्यासाठी सातबारा आणि भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

नकाशे बनवायला पूर्वी सरकारी परवानगी लागायची. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी ती अट बरीच सैल केली. त्यामुळे सर्व्हर नंतर झाला तरी चालेल. येत्या रविवारी मोबाईल घेऊन आपल्या वाडीचं नाव, विहीर आणि साकव एवढं तरी नकाशावर चढवा.