हातांनी कापायची वाट

श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ विदर्भाच्या सीमेवर पैनगंगा ओलांडतो, आदिलाबाद मागे टाकतो आणि घाट उतरून निर्मल येथे येतो. पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाच्या खेळण्यांसाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले आहे. नांदेडकडून बासरच्या सरस्वतीच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. निजामाच्या राज्यात हा सारा प्रदेश एकच होता. १९५६ साली आदिलाबादमधील किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी भाषकांच्या बाजूस आले आणि निर्मल आंध्र प्रदेशात गेले, एवढाच काय तो फरक.

या गावाची आठवण आज होण्यास कारण आहे. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन जवळ आला की दरवर्षी कोठे ना कोठे यात्रा निघते. अलीकडे अशा यात्रांत हातसायकलींचीही भर पडली आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांनी हातांनी पॅडल फिरवीत शेकडो किलोमीटरचा रस्ता कापावा आणि वाटेतील लोकांपुढे आपले म्हणणे मांडावे, ही कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. तथापि अशा यात्रेची आखणी कशी व्हावी, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. आमच्या मते यात्रेचे निम्मे यश त्या आखणीतच असते, आणि ती आखणी निर्मलसारख्या मध्यम गावापासून सुरू झाली पाहिजे.

या मार्गाला पूर्वपीठिका आहे. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले ते विदर्भ-तेलंगणाच्या याच पट्ट्यातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनासाठी गेले, आणि पुढे १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाचा जन्म झाला. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान घेऊन निघाले, तेव्हा सायकलींवर तरुण होते आणि पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनात पडून त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी कॅनडाचा रिक हॅन्सन चाकाच्या खुर्चीवर जगाच्या प्रवासास निघाला होता. २६ महिन्यांत ३४ देश आणि ४०,००० किलोमीटर पुरे करून तो १९८७ साली घरी परतला. आपल्याकडे हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनने सीमा सुरक्षा दलाच्या सहकार्याने २०२० च्या अखेरीस अपंग सायकलपटूंना काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत नेले. म्हणजे शक्य-अशक्यतेचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. उरला आहे तो अशा यात्रेतून समाजाच्या पदरात काय पडते, हा प्रश्न.

नागपूर ते हैदराबाद असा सुमारे ५०० किलोमीटरचा मार्ग उदाहरणादाखल घेऊ. सरकारी योजनेतून मिणारी तीनचाकी सायकल वजनाने जड असते. खांदा हा सांधा मुळात भार वाहण्यासाठी घडलेला नाही. ज्याचे पाय निकामी आहेत त्याला खुर्चीतून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीवर जाण्यासाठीही तोच खांदा वापरावा लागतो. तो दुखावला तर सायकल थांबतेच, शिवाय माणसाचे सारे जगणेच थांबते. म्हणून रोजचा पल्ला ३० ते ३५ किलोमीटरहून अधिक धरणे शहाणपणाचे नव्हे. विश्रांतीचे दिवस मिळवले तर ही यात्रा तीन आठवड्यांची होते. आदिलाबाद ते निर्मल या ८० किलोमीटरांच्या टप्प्यात इचोडा आणि नेरेडिगोंडा असे दोन मुक्काम धरावे लागतील. शेवटच्या दिवशी घाटाचा उतार आहे. चढणीवर ज्या हातांनी पॅडल फिरवायचे त्याच हातांनी उतारावर ब्रेक धरायचा असतो, हे दोन पायांच्या सायकलस्वाराच्या सहसा ध्यानात येत नाही. जमिनीलगत चालणारी हातसायकल ट्रकचालकाच्या नजरेत पटकन येत नाही, म्हणून उंच काठीवर झेंडा आणि मागे इशाऱ्याचा दिवा लावलेले वाहन या दोन गोष्टी अनिवार्यच समजल्या पाहिजेत.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या कमरेखाली संवेदना नसते. एकाच जागी तासन्‌तास बसल्याने कातडीला व्रण पडला तरी त्याला तो कळत नाही, आणि तो व्रण भरून येण्यास महिने लागतात. इजा मानेजवळ असेल तर घाम नीट येत नाही व उन्हाचा ताप शरीराला बाहेर टाकता येत नाही. म्हणून यात्रा हिवाळ्यातच निघाली पाहिजे, आणि दर अर्ध्या तासाने अंग उचलून घेण्याची शिस्त प्रत्येकाने पाळली पाहिजे.

या सर्वांहून अवघड प्रश्न साधा आहे: पाणी प्यावे की पिऊ नये? रस्त्यावर वापरता येईल असे शौचालय नाही, म्हणून यात्रेकरू पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि मूत्रपिंडावर संकट येते. ही गोष्ट यात्रेपुरती नाही. कामासाठी वा उपचारासाठी बाहेर पडलेल्या कितीतरी अपंग स्त्रीपुरुषांची ती रोजची कहाणी आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर ती अधिकच कठोर होते.

येथेच निर्मलचे महत्त्व आहे. महानगरात एखादे सोयीचे हॉटेल सापडते आणि सत्कारासाठी सभागृहही मिळते. निर्मलला मुक्काम करावयाचा तर प्रथम विचारावे लागेल की बसस्थानकाच्या शौचालयाचे दार किती रुंद आहे? तहसील कचेरीला उतरण आहे काय, आणि असल्यास ती १ फूट उंचीस १२ फूट लांबी या प्रमाणात आहे की केवळ दाखविण्यापुरती? शाळेत मुक्काम ठरला तर खोली तळमजल्यावर आहे काय? रुग्णालयाची पायरी ओलांडण्यासाठी माणसाला उचलून न्यावे लागते काय? हे प्रश्न यात्रेकरूंसाठी विचारले जातील, परंतु त्यांची उत्तरे त्या गावच्या रहिवाशांची आहेत. यात्रा दुसऱ्या सकाळी गोदावरीकडे निघून जाईल. पायरीशी अडलेला गावकरी मात्र तेथेच राहील.

गांधीजींनी १९३० साली दांडीस प्रयाण केले तेव्हा गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण तुकडी’ यात्रेच्या पुढे जात असे. ती मुक्कामाची व्यवस्था पाही आणि गावाची माहितीही गोळा करी. गावातील लोकसंख्या, अस्पृश्यांची संख्या, चरखे, मिठाचा खप अशी ती माहिती असे. गांधीजी त्या गावाशी बोलत ते त्याच्याच आकड्यांच्या आधाराने. हातसायकलींच्या यात्रेनेही अशीच अरुण तुकडी महिनाभर आधी धाडावी. तीत स्थानिक अपंगांनाच घ्यावे. हाती एक मोजपट्टी, एक वही आणि छायाचित्रांसाठी फोन एवढे साहित्य पुरे आहे. यात्रा गावात शिरेल तेव्हा तिच्या हाती त्या गावाचा लेखी ताळेबंद असेल, आणि स्वागताला आलेल्या अधिकाऱ्याला हाराच्या बदल्यात तो देता येईल.

त्या ताळेबंदाला कायद्याचा आधार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून ५ वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले आणि मुदत जून २०२२ मध्ये उलटून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सुगमतेचा नियम निव्वळ मार्गदर्शनपर राहू शकत नाही, तो बंधनकारक असला पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. सरकारी कागदांत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. पायऱ्या मात्र पुष्कळ ठिकाणी होत्या तेवढ्याच उंच राहिल्या.

अशा यात्रा म्हणजे निव्वळ देखावा आहे, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. झेंडा दाखविला, छायाचित्र निघाले, ‘धैर्याला सलाम’ असे मथळे आले आणि प्रकरण संपले, असे आम्हीही पाहिले आहे. धैर्याचे कौतुक करणे समाजाला फार स्वस्त पडते, कारण त्यात कोणाला काही बांधावे वा मोडावे लागत नाही. उपाय यात्रा बंद करण्यात नाही. यात्रेने स्वतःकडे कौतुकाचा नव्हे तर हिशेबाचा अधिकार घेण्यात आहे. सहा महिन्यांनी तीच तुकडी त्याच गावी पुन्हा यावी आणि कोणत्या दाराची रुंदी बदलली हे जाहीर करावे. त्यासाठी खर्चाची तरतूद यात्रेच्या मूळ अंदाजपत्रकातच असली पाहिजे.

गोमंतकीयांनी हे दूरच्या तेलंगणाचे प्रकरण समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये पणजीस अपंगांचा ‘पर्पल फेस्ट’ झाला आणि त्याचे देशभर नाव झाले. महोत्सवाच्या मांडवात उतरणी बांधणे सोपे असते. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतच्या प्रत्येक बसस्थानकात आणि पंचायतीच्या कचेरीत त्या आहेत काय, हे पाहण्यास आपलीही एक अरुण तुकडी निघावयास हवी. कोणी हातसायकलीवरून या वाटेने येवो अथवा न येवो, मोजपट्टी घेऊन आजच निघण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.