बायोडाट्यात 'गेम खेळणे' लिहावे का?

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात बाजाराच्या दिवशी घटकाभर उभे राहिलात तर हा प्रसंग तुम्हाला हमखास बघायला मिळेल. बारावी नाहीतर आयटीआय झालेले पोरगे नोकरीसाठी बायोडाटा टाईप करून घेत असते. शेजारी बाप पिशवी सांभाळत उभा. नाव, पत्ता, शिक्षण झाले की ऑपरेटर विचारतो, "छंद काय टाकू?" पोरगे हळूच म्हणते, "मोबाईल गेम." बाप लगेच डोळे वटारतो. "ते काय सांगायची गोष्ट आहे का? वाचन लिहा, वाचन!" आणि ज्या घरात पंचांगाशिवाय दुसरे पुस्तक नाही, त्या घरच्या पोराच्या कागदावर 'वाचन' छापले जाते.

यात बाप बरोबर की पोरगा? खरे सांगायचे तर दोघेही अर्धे बरोबर आणि अर्धे चुकीचे आहेत.

ही ओळ कुणासाठी असते?

आधी एक समज काढून टाका. सरकारी भरतीत या ओळीला बहुतेक ठिकाणी काहीच किंमत नाही. २०२३ ची तलाठी भरती संगणकावरच्या २०० गुणांच्या परीक्षेवर झाली, मुलाखत नव्हतीच. पोलीस शिपाई भरतीत मैदान आणि लेखी परीक्षा बघतात. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे तुमचा पोरगा काय खेळतो हे कुणी विचारत नाही.

प्रश्न येतो तो एमआयडीसीतला कारखाना, खासगी बँक, बियाणे-खताची कंपनी, दूध संघ अशा ठिकाणी. तिथल्या साहेबासमोर अर्जांचा गठ्ठा असतो. एकेका कागदाला तो फार वेळ देत नाही. त्यात पोरगा नवखा, अनुभवाचा रकाना कोरा. मग साहेब बोलायला सुरुवात कुठून करणार? छंदावरूनच. 'वाचन' दिसले की पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचे पुस्तक कोणते वाचले?" इथे पोराची जीभ अडखळली की पुढच्या खऱ्या उत्तरांवरही साहेबाचा विश्वास बसत नाही. खोट्या छंदापेक्षा कोरी जागा परवडली.

गेम कधी लिहावा?

आपल्या पिढीला गेम म्हटले की पब्जी आठवतो, सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेला. पण त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'ई-स्पोर्ट्स' म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमला क्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत या खेळांना खरीखुरी पदके होती. त्याआधी २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हे खेळ प्रदर्शनापुरते होते, तेव्हा कच्छमधल्या भूजच्या तीर्थ मेहता याने पत्त्यांसारख्या एका गेममध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हा गेम म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा, असे सरसकट म्हणता येत नाही.

म्हणून तीन ठिकाणी गेमचा उल्लेख खुशाल करावा. एक, नोकरीच गेम, अॅनिमेशन किंवा संगणक दुरुस्तीच्या धंद्यातली असेल तर. दोन, पोराने खरोखर एखाद्या स्पर्धेत भाग घेतला असेल किंवा स्पर्धा भरवली असेल तर. आणि तीन, हे आपल्या शेतकऱ्यांच्या कामाचे, फवारणीच्या ड्रोनचे काम हवे असेल तर. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्याला प्रशिक्षण घेऊन ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. या प्रशिक्षणात आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवून घेतात, आणि ते यंत्र दिसायला गेमसारखेच. दोन अंगठ्यांनी दोन दांड्या चालवायची सवय तिथे कामी येते. मात्र नोकरी देणारा प्रमाणपत्र बघणार, सवय नंतर. म्हणून आधी प्रमाणपत्राची ओळ, मग छंदाची.

कधी लिहू नये?

पतसंस्था, बँक, पेट्रोल पंप, दुकानाचा गल्ला, जिथे पैशाला हात लागतो तिथे 'ऑनलाइन गेम' हे शब्द लिहू नका. वाचणाऱ्याच्या मनात आधी रमी येते, आणि रमीपायी गहाण पडलेली जमीन येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने वेगळे धरले. पण हा फरक प्रत्येक साहेबाला ठाऊक असेलच असे नाही. ड्रायव्हरच्या आणि रात्रपाळीच्या नोकरीतही तेच. पोरगा रात्रभर जागतो की काय, ही शंका आपणच कशाला पेरायची?

आणि ही शंका अगदीच खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पोराचे जेवण, झोप, काम सुटत असेल तर बायोडाटा राहू द्या बाजूला, आधी डॉक्टरला दाखवा.

लिहायचे तर कसे?

नुसते 'गेम खेळणे' हे 'जेवण करणे' लिहिल्यासारखे झाले. काय केले ते लिहा. "गावातल्या आठ संघांची मोबाईल खेळाची स्पर्धा भरवली, वेळापत्रक आणि वर्गणीचा हिशेब सांभाळला." यात गेम कमी आणि काम जास्त दिसते. मात्र हे केले असेल तरच लिहा.

आता खरी गोष्ट. आपली पोरे गेम लिहू की वाचन लिहू यात अडकतात आणि हातातले सोने विसरतात. ठिबकची नळी तुंबली तर कोण काढतो? मोटार बंद पडली तर स्टार्टर कोण उघडतो? डेअरीच्या फॅटचा महिन्याचा हिशेब कोण जुळवतो? गणेश मंडळाची वही कुणाकडे असते? हे सारे करणारा पोरगा कागदावर 'छंद : वाचन' लिहितो, कारण शेतातले काम सांगायची त्याला लाज वाटते. ती लाज त्याला आपणच शिकवली, हे बापांनी मान्य करायला हवे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनाही एक विनंती. पोरे दाखल्यासाठी तुमच्याकडे येतातच. सही करताना अर्जावरही एक नजर टाका. महिन्यातून एखादा रविवार ग्रामपंचायतीच्या सभागृहात दहा-पंधरा पोरे-पोरी बसवा आणि साहेब होऊन त्यांना प्रश्न विचारा. खर्च चहाचा. पण गावात उत्तर देताना अडखळलेला पोरगा शहरात अडखळणार नाही.

आणि पुढच्या बाजारी झेरॉक्सच्या दुकानात ऑपरेटरने "छंद काय?" असे विचारले तर डोळे वटारू नका. पोराकडे बघून एवढेच म्हणा, "ज्याच्यावर तू पाच मिनिटे बोलू शकशील ते लिही."