गुरुजींच्या मनाचा शीण

विहिरीला मोट लावली की पाणी खाली जाते. रात्रभर झरे वाहतात आणि सकाळी विहीर पुन्हा भरते. उपसा झऱ्यांना झेपेल इतकाच असला म्हणजे विहीर वर्षानुवर्षे साथ देते. पण झऱ्यांना उसंतच दिली नाही तर? तळातला गाळ तेवढा हाती येतो. माणसाच्या मनाचेही असेच आहे. आज बोलायचे आहे ते आपल्या शाळेतल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या मनाविषयी.

दिवसभर राबून आलेला थकवा झोपेने जातो. शीण मात्र सुट्टी घेऊनही जात नाही. इंग्रजीत त्याला 'बर्न-आउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही, म्हणजे ही अवस्था येते. हा रोग नव्हे, असेही संघटनेने स्पष्ट केले. त्याच्या खुणा तीन. अंगातले त्राण गेल्यासारखे वाटणे, ही पहिली. कामावरून मन उडणे, पोरांचा नि शाळेचा तिटकारा येऊ लागणे, ही दुसरी. आणि 'माझ्या हातून काहीच नीट होत नाही' असे वाटत राहणे, ही तिसरी.

करोनाच्या साथीत हा शीण का वाढला, ते बघू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शाळा बंद, पण शिक्षकाला सुट्टी होती काय? मुळीच नाही. कोणी नाक्यावर उभे राहिले, कोणी रेशन दुकानावर, कोणी घरोघरी सर्वेक्षणाला गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामे देण्यास मनाई केली आहे. मात्र जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतले मदतकार्य यांचा अपवाद ठेवला आहे. साथ ही आपत्तीच. तेव्हा ते काम आले, आणि शिकवणेही चालूच राहिले.

शिकवायचे ते फोनवर. आता घरात फोन एक, तोही बापाबरोबर शेतात. शिवाय रेंज कधी असे, कधी नसे. म्हणून कितीतरी जणांनी पाराखाली, ओसरीवर चार-चार मुले बसवून शिकवले. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' भरली. धडपड थोडी नव्हती. पण शिक्षकाचा झरा कोणता? मुलाच्या चेहऱ्यावर 'कळलं, गुरुजी' हे उमटते, तो. फोनवर तो चेहराच दिसेना. उपसा दुप्पट, आणि झरा आटलेला!

त्यात भर दुःखाची. जवळची माणसे गेली, सहकारी गेले. रडायला, भेटायलाही कोणाला जाता आले नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून वरचे वर्ग सुरू होऊ लागले, पुन्हा बंद झाले, ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले. मुले आली ती मागचे विसरून. ती भरपाई करण्याचा भार पुन्हा शिक्षकांवरच पडला.

आपण मात्र काय म्हणत होतो? 'मास्तर घरी बसून पगार खातात.' हा टोमणा ज्याने ऐकला, त्याला तो नाक्यावरच्या उन्हापेक्षा अधिक लागला असेल. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण त्या नावाचा दाखला देऊन आजच्या शिक्षकाने न बोलता झिजत राहावे, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

साथ ओसरली, पण असा शीण पुढेही येऊ शकतो. मग करावे काय?

गुरुजी, बाई, आधी तुमच्याकडे वळतो. पालकांचे फोन घेण्याची एक वेळ ठरवा. रात्रीचा वेळ घराला द्या. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जमाल तेव्हा माहितीच्या तक्त्यांबरोबर मनातलेही चार शब्द एकमेकांशी बोला. 'मलाही असंच होतं' हे ऐकले की निम्मे ओझे उतरते. रोज एखाद्या तरी मुलाची लहानशी प्रगती वहीत टिपून ठेवा.

आणि ग्रामस्थहो, शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही आहातच. शाळेच्या डोक्यावरची किती कामे गावाला वाटून घेता येतील, हे बैठकीत विचारा. शाळेचा पाण्याचा प्रश्न, आवाराची दुरुस्ती, गैरहजर मुलांना शाळेत आणणे, ही कामे गावाची आहेत. शीण हा एकट्या शिक्षकाच्या मनाचा दोष नसतो. कामाच्या मांडणीतून तो येतो. म्हणून उपायही सगळ्यांनी मिळूनच करायचा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. दोन आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशात रस नाही, तर तो नुसता शीण नसेल. नैराश्याचा आजार असू शकेल. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. आणि जगणे नकोसे वाटू लागले, तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नये. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन रात्रंदिवस चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. ताप आला की आपण दवाखान्यात जातो; त्यात लाज कसली? इथेही तशीच लाज धरू नये.