शिकता शिकता शुश्रूषा

थळ हे अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेले गाव. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. गावात कोळ्यांच्या होड्या आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मोठा खत कारखानाही आहे. तरीही येथील अनेक तरुण नोकरीसाठी मुंबईला जातात. पुढे मुरूड-श्रीवर्धनकडे गेलात तर पुष्कळ कोकणी मुसलमान घरांतील कर्ते पुरुष आखाती देशांत असतात. दरमहा पैसे येतात. पण रात्री उठून तांब्याभर पाणी द्यायला पैसा येत नाही. घरात राहतात ती म्हातारी माणसे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. त्यांतील बरीचशी माणसे हिंडती-फिरती असतात. पण ज्यांना पक्षाघात झाला आहे, दिसत नाही किंवा आठवत नाही, त्यांना जवळ माणूस लागतो. लोक म्हणतात, "आजीसाठी बाई ठेवली आहे." अलीकडे या कामाला ‘काळजीवाहक’ असा शब्द वापरतात. जुना शब्द आहे शुश्रूषा. उर्दूत आपण तीमारदारी म्हणतो. शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मोठा सुंदर आहे : ऐकण्याची इच्छा. म्हाताऱ्या माणसाजवळ चार तास बसलेल्याला तो लगेच पटेल.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम जमण्यासारखे आहे. काम करून शिकणे आपल्याकडे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथे मुले शेतात राबत. समजा, थळची एखादी मुलगी सकाळी अलिबागला कॉलेजात जाते आणि दुपारी तीन ते सात एका आजींजवळ थांबते, तर तीही त्याच वाटेने चालली आहे.

मात्र "म्हाताऱ्यांजवळ नुसते बसायचे, त्यात काय शिकायचे?" असे कोणी म्हणाले तर मला ते मुळीच मान्य नाही. हे शिकून करायचे काम आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ती दिली नाही तर माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी सतत दाब पडतो, तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम होते. ही जखम आधी नुसती लाल दिसते. त्याच वेळी लक्ष गेले तर बरे. चिघळली की महिनोन्महिने भरत नाही. म्हणून अंग पुसताना पाठ नीट पाहायची असते. लाल झालेली जागा जोराने चोळू नये.

पक्षाघात झालेल्या माणसाला सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढी एक गोष्ट माहीत असली तर रोजची ओढाताण थांबते. जेवताना माणसाला ताठ बसवावे, लहान घास द्यावेत, तोंडातला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या माणसाला एकाएकी घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

यासाठी एक वही हवी. कोणती गोळी केव्हा दिली, किती खाल्ले, लघवी झाली का, झोप लागली का, हे वेळ घालून लिहावे. मुंबईचा मुलगा फोन करतो तेव्हा "बऱ्या आहेत" या उत्तरापेक्षा वहीतल्या दोन ओळी अधिक उपयोगी पडतात. डॉक्टरांनाही त्याच लागतात. औषध आपल्या मनाने वाढवणे, कमी करणे किंवा इंजेक्शन देणे हे आपले काम नव्हे.

आणि माणसाची लाज राखणे हे काम तर सर्वांत नाजूक. अंघोळ घालताना दार लावावे, अंगावर चादर असावी, जे त्यांना स्वतः करता येते ते करू द्यावे. आजोबांसाठी मुलगा असला तर त्यांना संकोच वाटत नाही. म्हणून हे फक्त मुलींचे काम आहे असे मुलांनी समजू नये. घर कोळ्यांचे असेल तर आजींची देवपूजेची वेळ सांभाळावी. घर मुसलमानांचे असेल तर वजूला कोमट पाणी आणि नमाजासाठी खुर्ची तयार ठेवावी. ज्याला आठवत नाही तो दहा वेळा तोच प्रश्न विचारेल. वाद घालू नये. दहाव्यांदाही उत्तर द्यावे.

आता पैशाची गोष्ट. ‘सेवा’ हा शब्द फार गोड आहे आणि त्याच शब्दाच्या आड पुष्कळांचा पगार बुडतो. "तू तर घरच्यासारखी" असे म्हणून भांडी, धुणी, स्वयंपाक सगळे एकेक करून गळ्यात पडते. म्हणून पहिल्याच दिवशी कामाचे तास, पगार, सुट्टी आणि कोणती कामे करायची हे कागदावर लिहून घ्यावे. यात उर्मटपणा नाही. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी रात्रपाळी घेऊ नये असे माझे मत आहे. नंतरही घ्यायची तर दुसऱ्या दिवशी तास नसतील तेव्हाच, कारण जागरण करून वर्गात बसलेल्या मुलीच्या डोक्यात अर्थशास्त्र शिरत नाही. ज्यांना पूर्ण दिवस काम करणे भागच आहे, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथे रोज वर्गात जावे लागत नाही.

परीक्षेचे वेळापत्रक लागले की त्याच आठवड्यात घरच्या मंडळींना सांगावे. आदल्या दिवशी सांगितले तर आजी एकट्या पडतात. बदली यायची असेल तर तिला दोन दिवस आपल्याबरोबर बसवावे. आजींना चहा किती गोड लागतो, कोणत्या कानाने ऐकू येते, उठताना कोणता हात धरायचा, हे तिला दाखवावे आणि मग वही तिच्या हाती द्यावी.