‘लुआ’ भाषेतील जोडभाग : सोय आणि सावधगिरी

संगणकाची मोठी आज्ञावली एकदा सिद्ध झाली की तिच्यात वरचेवर फेरफार करणे कष्टाचे होते. म्हणून तिच्या पोटातच एक लहानसा दुभाषा बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. सोप्या भाषेत लिहिलेल्या सूचना वाचून तो मूळ आज्ञावलीकडून कामे करवून घेतो. अशा भाषांपैकी ‘लुआ’ ही भाषा ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठात १९९३ साली निर्माण झाली. गोमंतकातील जुन्या पिढीला परिचित असलेल्या पोर्तुगीज भाषेत ‘लुआ’ म्हणजे चंद्र.

जोडभागाची गरज

लुआचा दुभाषा हेतुतः लहान ठेवण्यात आला आहे. माहितीकोशाशी व्यवहार करणे, चित्रांवर प्रक्रिया करणे यांसारखी कामे त्याला मुळात येत नाहीत. ती सी भाषेत लिहून, यंत्रभाषेत रूपांतरित करून, स्वतंत्र फाईलच्या रूपाने पुरविली जातात. हाच जोडभाग होय.

जोडणी कशी होते?

‘रिक्वायर’ ही आज्ञा मिळताच दुभाषा प्रथम तो भाग पूर्वीच आणला आहे काय, हे पाहतो. नसल्यास ठरवून दिलेल्या ठिकाणी आधी लुआ भाषेतील फाईल व नंतर यंत्रभाषेतील फाईल शोधतो. दुसरी सापडल्यास ती स्मृतीत आणण्याचे काम संगणकाची कार्यप्रणाली करते. त्यानंतर ‘लुआओपन’ या शब्दाने आरंभ होणारे, त्या भागाच्या नावाचे प्रवेशकार्य दुभाषा शोधून चालवितो. तेथून पुढे दोघांमधील सर्व देवघेव एका सामाईक चळतीवरून होते.

धोका कोठे?

लुआ भाषेतील सूचनेत चूक झाल्यास दुभाषा ती ओळखतो आणि योग्य तजवीज केलेली असल्यास मूळ आज्ञावली चालू राहते. यंत्रभाषेतील जोडभागावर मात्र दुभाष्याचा अंकुश चालत नाही. मूळ आज्ञावलीचे सर्व अधिकार त्यास आपोआप मिळतात. त्यातील एका चुकीने संपूर्ण आज्ञावली कोसळू शकते. त्यात कपट असेल तर दप्तरातील माहितीही परहस्ते जाऊ शकते.

विकिपीडियावर २०१३ पासून लुआचा उपयोग होत आहे. तेथे सूचना लिहिण्याची मुभा सर्वसामान्य वाचकांनाही असल्यामुळे यंत्रभाषेतील जोडभाग आणण्याची सोयच काढून टाकण्यात आली आहे. मराठी विकिपीडियासही हीच व्यवस्था लागू आहे.

घ्यावयाची दक्षता

जोडभाग विश्वसनीय ठिकाणाहूनच घ्यावा. लुआच्या ज्या आवृत्तीसाठी तो सिद्ध झाला असेल, तिच्यातच तो वापरावा, ५.१ साठी केलेला भाग ५.४ मध्ये चालेल असे गृहीत धरू नये. ज्या ठिकाणी दुभाषा शोध घेतो, तेथे फाईल ठेवण्याचा अधिकार केवळ जबाबदार व्यक्तीकडेच असावा. शाळा व कार्यालयांतून संगणकाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी एवढी काळजी घेतल्यास ही सोय निर्धास्तपणे वापरता येईल.